बांबूचा सदरा, निर्धास्त विवेक
बांबूच्या कापडाचा सदरा घेतला की त्वचेचे आरोग्य आणि पृथ्वीचे भवितव्य एकाच खरेदीत सांभाळले जाते, हा समज विक्रेत्यांना फारच सोयीचा आहे. वास्तविक असे कापड बहुधा व्हिस्कोजचे, म्हणजे वनस्पतीतील सेल्युलोज हा घटक कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवून आम्लात पुन्हा घट्ट केलेल्या धाग्याचे असते, आणि ही ‘नवी’ पद्धत इंग्लंडमध्ये १८९२ साली पेटंट झालेली आहे. कार्बन डायसल्फाइडच्या वाफांनी कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. मात्र सदऱ्याच्या लेबलवरील हिरव्या पानाआड तो कामगार दिसत नसल्याने ग्राहकाची सात्त्विकता शाबूत राहते. कपाटातला जुना सुती सदरा विरेपर्यंत वापरणे अधिक पर्यावरणस्नेही ठरते. त्यात विकण्याजोगे काही नाही, एवढाच त्या उपायाचा दोष आहे.