मेस्त्री, तुम्हीच बघा काय ते!

बसमतच्या मोंढ्यात हळदीचा ढीग पडला की खरेदीदार आधी एक कांडी उचलतो. मोडतो. आतला रंग बघतो, वास घेतो, मोडताना आवाज कसा आला तेही ऐकतो. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद आहे म्हणून कोणी कांडी मोडायचं सोडत नाही. विकणाराही कच्चा नसतो. काट्यावरची नजर हलू देत नाही. सौदा होतो, पट्टी हातात पडते. आणि हाच चोख माणूस दुपारी आपली एमएच-३८ पासिंगची छोटी गाडी गॅरेजला लावतो, चावी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "मेस्त्री, तुम्हीच बघा काय ते."

काय ते म्हणजे इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, ब्रेक ऑईल, कूलंट, गिअर ऑईल, प्लग. यातलं कुठलं, किती आणि कधी, हे सगळं एका पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक गाडीबरोबर मिळतं, वेगळे पैसे पडत नाहीत. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात मूळ पिशवीत, विम्याची झेरॉक्स, गेल्या वर्षीची लग्नपत्रिका आणि अंगाऱ्याची पुडी यांच्या खाली सुखानं पडून असतं. गाडी विकायला काढली की मगच बाहेर येतं. "बघा, पुस्तकाला हातसुद्धा लावलेला नाही!" असं मालक अभिमानानं सांगतो. खरंच सांगतो.

पुस्तक नसलं तरी सल्ल्याची टंचाई नाही. हिंगोलीत ऑईलबद्दल मत नसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यातलं सर्वांत लोकप्रिय मत असं: आपल्याकडे ऊन फार, म्हणून ऑईल जाडच पाहिजे. काही नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं. ते डब्यातून ओतताना बघितलं की सगळं गॅरेज हळहळतं. "पाण्यावाणी आहे हो हे. याच्यानं इंजिन टिकतंय होय?" मग कोणीतरी कोपऱ्यातला २०डब्ल्यू-४० चा डबा पुढे करतं आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. जाड ऑईल, जाड साय, जाड चपाती. आपल्याकडे जाडपणावर श्रद्धाच आहे.

उन्हाचा हिशेब जरा वेगळा आहे. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंड इंजिन चालू करताना ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. पलीकडचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते. आता इंजिन गरम झाल्यावर आतलं पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवायचं काम थर्मोस्टॅट करतो. बाहेर हिंगोलीचा मे आहे की महाबळेश्वरचा जानेवारी, याची तो फारशी चौकशी करत नाही. बेअरिंगमधल्या फटी, ऑईलचा पंप, बारीक वाहिन्या हे सगळं ठरावीक ऑईल धरूनच आखलेलं असतं. तिथं दुप्पट घट्ट ऑईल घातलं की सकाळी ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, पंपावर भार येतो आणि ॲव्हरेज घसरतं. मग ॲव्हरेज का घसरलं याच्यावर पुन्हा सगळ्यांचं मत असतंच.

मेस्त्रींना दोष द्यायचं मात्र माझ्या जिवावर येतं. त्यांचा हात बसला मारुती ८०० वर. ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत २०डब्ल्यू-४० नं काम चोख केलं. ऑईलचे हे आकडे ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या तक्त्यात १६ हा आकडाच आला २०१३ साली. म्हणजे ८०० निवृत्तीच्या कागदांवर सही करत होती, तेव्हा हे पातळ ऑईल नुकतं नोकरीला लागलं होतं. मेस्त्रींचं ज्ञान त्यांच्या गाडीपुरतं बरोबर होतं. गाडी बदलली, आणि ती बदलल्याचं त्यांना कळवायचं काम ज्या पुस्तकाचं, ते पत्रिकेखाली दबलेलं.

याहून पुढची पायरी म्हणजे घरचं ऑईल. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीत तीन-चार लिटर उरलेलं असतं. छोट्या गाडीला लागतंही साधारण तेवढंच. योगायोगासारखा दुसरा सल्लागार नाही. "डिझेलचं हेवी ऑईल आहे, पेट्रोलच्या गाडीला तर भारीच पडंल." भारी पडतंच. त्या ऑईलमधलं फॉस्फरस ट्रॅक्टरच्या इंजिनाला मानवतं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते हळूहळू विषासारखं भिनतं. कन्व्हर्टर बदलायची वेळ आली की बादलीचा खरा भाव समजतो. उलटा प्रकारही चालतो: गाडीचं उरलेलं ऑईल मोटारसायकलमध्ये. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो. गाडीच्या ऑईलमधली घसरट रसायनं त्याला लागली की क्लच सटकायला लागतो. म्हणून तर दुचाकीच्या डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं असतं. पण डब्यावरची अक्षरं वाचायची, तर मग मेस्त्री कशाला ठेवायचे?

ऑईल कधी बदलायचं? पुस्तक म्हणतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपण ऐकतो: जे नंतर होईल ते. कळमनुरीच्या सासुरवाडीला, नर्सीला एकादशीला, आणि मोंढ्यात भाव फुटल्यावर तीन चकरा. वर्षाकाठी गाडी चालून चालून किती चालणार? "अजून किलोमीटरच झाले नाहीत ना." पण अशा तुटक फेऱ्यांतच इंजिन नीट तापत नाही, पेट्रोलचा अंश आणि ओल ऑईलात उतरत राहते. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी बिघडलेली गाडी, हा समज मालकाचा. गाडीला तो कोणी सांगितलेला नसतो.

कूलंटची गंमत तर याहून मोठी. ज्या घरात लोडशेडिंगच्या कृपेनं इन्व्हर्टर आहे, तिथं बॅटरीत साधं पाणी गेलं तर वडील पोराला सोलून काढतील. तिथं डिस्टिल्ड वॉटरच लागतं. त्याच घरातल्या गाडीच्या रेडिएटरला बोअरचं पाणी चालतं. तेच बोअरचं पाणी, ज्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवलाय. जरा हौशी मालक जारचं पाणी घालतात, गाडीला अतिथी समजून. कूलंट हे पाणी उकळू नये एवढ्यासाठीच नसतं. आतल्या ॲल्युमिनियमला गंज चढू नये, क्षार बसू नयेत म्हणूनही असतं. आणि रंगावरून निवड! हिरवं घ्यायचं की गुलाबी? रंग हा कंपनीनं घातलेला रंग आहे. आत कुठली गंजरोधक रसायनं आहेत ते त्याच्यावरून कळत नाही. दोन जातींची सरमिसळ झाली तर आत चिखलासारखा गाळ तयार होऊ शकतो. डब्यावर 'तयार' आहे की 'पाणी मिसळायचं' आहे हे तरी वाचावं. वाचणाऱ्याला कोणी हसणार नाही, फार तर "काय सर, परीक्षा आहे का?" म्हणतील.

ब्रेक ऑईलवर मात्र मला थट्टा सुचत नाही. हा द्रव हवेतली ओल शोषतो, तोच त्याचा स्वभाव. डॉट-३ दर्जाचं कोरं ब्रेक ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओल शोषल्यावर तीच हद्द १४० वर येते. डॉट-४ ला २३० आणि १५५. गॅरेजच्या फळीवर झाकण अर्धवट लावलेली, दोन पावसाळे पाहिलेली अर्धी बाटली असते ना, तिच्यात नेमकं काय उरलंय याचा विचार माहूरगडाच्या उतारावर करायची वेळ येऊ नये. सतत ब्रेक दाबून ते तापलं, उकळलं, नळीत वाफ झाली की पायाखालचं पेडल नुसतंच खाली जातं. दोन वर्षांनी बदला आणि सीलबंद बाटली डोळ्यांसमोर फोडून घ्या. बंपरला लटकणारं लिंबू आपण दर शनिवारी ताजं घेतो. तिथं कोणी "मागच्या शनिवारचं अर्धं उरलंय" म्हणत नाही.

पार्टच्या दुकानात एकच प्रश्न असतो: ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट? दुकानदार एवढ्या प्रामाणिकपणे विचारतो की डुप्लिकेट हा गुन्हा नसून गाडीचं एखादं मॉडेल असावं असं वाटतं. गुन्हा तर आहेच. ट्रेडमार्क कायदा, १९९९, कलम १०३: खोटं नाव लावणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. ओरिजिनल आणि डुप्लिकेट यांच्या मधे एक तिसरा प्रकार असतो, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. गाडीच्या कंपनीला प्लग किंवा फिल्टर पुरवणारी मंडळी बऱ्याचदा स्वतःच्या नावाच्या खोक्यातही माल विकतात. तो खरा असतो आणि पुष्कळदा स्वस्तही. पण त्याच्यासाठी पार्ट नंबर सांगावा लागतो, आणि पार्ट नंबर... ते पुस्तक, ती पत्रिका.

सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. गाड्यांचे सुटे भागही सरसकट १८ टक्क्यांत आले. आपण त्याच्या फार पुढे आहोत. आपण "बिल नको, भाव लावा" म्हणून तो कधीच शून्यावर आणलाय. पुढे फिल्टर फुटला तर ग्राहक आयोगात दाखवायला आपल्याकडे पुराव्यादाखल फुटका फिल्टर असतो.

हवेच्या फिल्टरचं थोडक्यात. सोयाबीनची काढणी चालू असताना मळणीयंत्राजवळून गेलेली गाडी आणि पुण्याच्या पार्किंगमधली गाडी यांचं वेळापत्रक एक नसतं. धुळीच्या भागात लवकर तपासा, लवकर बदला असं पुस्तकात वेगळं लिहिलेलं असतं. आपण पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसरची हवा मारून घेतो. कागद फाटतो, फिल्टर स्वच्छ दिसतो, धूळ थेट आत. सगळे खूश.

याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २,६०० कोटींचा प्रकल्प, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजारांश भागाहूनही लहान फरक पडला तर तो तिथं मोजला जाणार. त्या भुजांच्या नळ्यांमधली हवा काढून निर्वात पोकळी ठेवायची आहे, ही सुदैवाची गोष्ट. काही ओतायचं असतं, तर ग्रेडवरून मतं आली असती. तिथून थोड्या अंतरावर आपण ऑईलची पट्टी ओढतो, धोतराला पुसतो, पुन्हा घालायची विसरतो आणि "आहे, आहे" म्हणतो.

त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. म्हणजे यादीत आणखी एक नळी वाढली. इथेनॉलचा ऊस आपलाच असल्यानं तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच आहे.

सर्व्हिसिंग संपते. काढलेलं काळं ऑईल कागदोपत्री घातक कचरा. प्रत्यक्षात त्याला गिऱ्हाईक तयार असतं. सेंटरिंगवाला स्लॅबच्या प्लेटांना लावायला नेतो, कोणी वाळवीसाठी लाकडाला फासतो. आणि नव्या ऑईलचा रिकामा डबा? नकली माल भरणाऱ्याला झाकणासकट शाबूत डबा म्हणजे पर्वणी, म्हणून त्याला तिथंच भोक पाडून घ्यावं असं जाणकार सांगतात. मेस्त्री खिळा उचलतात. तेवढ्यात दिवसभर कशाचीही चौकशी न केलेला मालक धावत येतो.

"ओ मेस्त्री, भोक नका पाडू! शेतात डिझेल न्यायला होईल की तो."