मधले तीन वार

आमच्या डिंभ्याच्या धरणाला पाणी कुठून येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द कुठून येतात ते मात्र कळत नाही. ‘विंटेज’ हा शब्द गेल्या चैत्रात पुतणीच्या मोबाइलमधून आमच्या घरात शिरला आणि पाहुण्यासारखा पडवीत ऐसपैस बसला. तोवर आम्ही जुन्याला जुनं म्हणायचो आणि फार जुनं झालं की माळ्यावर टाकायचो.

सुपारी फुटली होती, साखरपुडा झाला होता. बस्ता मंचरला बांधायचा की पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर, एवढंच भांडण शिल्लक होतं आणि घरातल्या बायका ते पुरवून पुरवून भांडत होत्या. तेवढ्यात पुतणीनं जाहीर केलं, ‘मला नवी फॅशन नको. विंटेज लुक पाहिजे. आजीच्या लग्नात होता तसा.’

आई वाळलेला हिरडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मग चालायची सवय कर. आमचं वऱ्हाड पायी आलं व्हतं.’

पुतणीनं ते थट्टेवारी नेलं आणि आईची पत्र्याची पेटी ओढून बसली. पेटीतून दोन इरकली लुगडी निघाली, एक न शिवलेला खण, आमच्या वडिलांची टोपी, डांबराच्या गोळ्या आणि धरणाच्या मोबदल्याचे पिवळे पडलेले कागद. शालू काही निघेना.

‘आजी, तुझा लग्नातला शालू कुठंय?’

‘परत दिला.’

‘कुणाला?’

‘ज्याचा व्हता त्याला.’

मग ती गोष्ट बाहेर आली. इतकी वर्षं आम्ही तिला कधी विचारलीच नव्हती. आईचं लग्न ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली’ झालं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे लग्न १९६० चं. महाराष्ट्र आणि आमचा संसार एकाच वर्षी उभा राहिला. आईचं माहेर घोड नदीच्या वरच्या अंगाला. तिथल्या पाचसहा वाड्यांमध्ये मिळून बनारसी शालू एकच होता, आंबेगावातल्या एका बऱ्या घरचा. ज्या घरी लग्न असेल त्यांनी तो मागून आणायचा, नवरीला नेसवायचा आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून नेऊन द्यायचा. आई तेव्हा चौदा वर्षांची, अंगानं काडी. ‘म्या शालू नेसले न्हाई,’ ती म्हणाली, ‘शालूच मला नेसला व्हता. चालतानी दोघी करवल्या दोन बाजूनी धरत व्हत्या, मला न्हाई, शालूला.’

तो शालू किती जणींच्या अंगाला लागला याचा हिशेब आता लागायचा नाही. ते घर, ती आळी, ते अख्खं आंबेगावच धरणाखाली गेलं. तालुक्याला अजून त्या गावाचं नाव आहे, कचेऱ्या घोडेगावात आहेत आणि गाव पाण्यात आहे. असा तालुका असलेल्या लोकांना जुनं जपण्याबद्दल कुणी शिकवू नये.

‘पण स्वतःचं काहीतरी असेलच ना? हळदीचं लुगडं?’ पुतणी पिच्छा सोडीना.

‘हाये की. रोज पांघरतीस.’

गोधडी आणली. आईनं बोट ठेवलं तिथं, कडेपासून वीतभर आत, एक फिकट पट्टी होती. मूळचा रंग हिरवा असावा असं आई म्हणते. मला तो कायम चहासारखाच दिसत आला आहे. लग्नाचं लुगडं आधी सणाला, मग बाजाराला, मग शेतात, मग घरात, मग बाळंतपणात, मग दुपट्यांत आणि शेवटी गोधडीत, असा त्याचा प्रवास झाला होता. पुतणी दहावीपासून आजीच्या लग्नातल्या लुगड्याखाली झोपत होती आणि तेच लुगडं मोबाइलवर शोधत होती.

फोटो बघून तसंच शिवून घेऊ, असं मग ठरलं. पण आईच्या लग्नाचा फोटो नाही. तिचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा, आणि त्यावरून लग्नाचं काही शिवून घ्यावं असा तो नाही.

आमच्या घरातले लग्नाचे फोटो सुरू होतात ते चुलतभावापासून, १९७४. त्यात त्यानं बेलबॉटम घातली आहे. वर बाशिंग, गालांवर मुंडावळ्यांच्या लडी, कपाळाला मळवट आणि खाली पायघोळ बेलबॉटम, जिच्या एकेका पायात एकेक करवली मावली असती. तो अक्षतांच्या वेळी पाटावर चढताना स्वतःच्याच पँटवर पाय देऊन पडला आणि भटजींनी मंगलाष्टक मध्येच थांबवलं. त्यानंतर सफारीचं युग आलं. सफारीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नवरदेव, त्याचा मामा आणि गटविकास अधिकारी तिघेही सारखेच दिसत.

माझं लग्न १९९२ च्या मे महिन्यातलं. मी थ्री-पीस सूट घातला होता, गरम कापडाचा, आतून अस्तराचा. शिंप्यानं विचारलंही होतं, ‘मे आहे ना लग्नाला?’ मी म्हणालो, ‘शोभलं पाहिजे.’ शोभलं की नाही ते ठाऊक नाही, पण फोटोत माझ्या चेहऱ्यावर जी चमक आहे ती लोक अजूनही आनंदाची समजतात. हा सूट आजही कपाटात आहे. त्याची गोधडी होत नाही, त्यानं भांडं घासता येत नाही आणि पुतणीच्या मते तो ‘अजून विंटेज झालेला नाही’. नुसता जुना आहे.

वहिनींचं लग्न १९९५ चं, म्हणजे ‘हम आपके हैं कौन’ नंतरचं. त्या सिनेमानं आमच्याकडच्या लग्नांना जे केलं ते धरणानंही केलं नाही. माधुरीच्या त्या जांभळ्या रंगापायी मंचरच्या दुकानांत जांभळा उरला नव्हता म्हणतात. वहिनींना मिळाला तो वांग्याचा होता. पण मुख्य गोष्ट अशी की साडी सहावारी होती. वहिनींनी लग्नाआधीच सांगितलं होतं, ‘नऊवारी नेसणार नाही. नऊवारी नेसली की सासूबाईंसारखी दिसेन.’ तेव्हा ती धमकी होती. आता त्यांचीच लेक तेच वाक्य हौसेनं म्हणत होती आणि वहिनी गप्प होत्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. मधले तीन वार वहिनींच्या पिढीनं मोठ्या कष्टानं सोडवून घेतले होते. काष्टा गेला, ओचा गेला, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. ते सुटलेले तीन वार पोरीनं परत मागावेत हे त्यांना झेपत नव्हतं.

जुन्याची ही ओढ काही डिंभ्यातच लागलेली नाही. नवरीनं पांढरं नेसायचं हे साहेबांच्या देशात १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नापासून रूढ झालं. तिकडच्या मुली आता १९२० चा झगा, १९५० चा झगा असे दशक मोजून शोधतात. राणी एलिझाबेथची नात बिअॅट्रिस २०२० साली लग्नाला उभी राहिली ती आजीचा साठीच्या दशकातला झगा घालून, बाह्या नव्या लावून. या आजीबाईंच्या स्वतःच्या लग्नात, १९४७ साली, युद्धानंतरची टंचाई होती आणि झग्याचं कापड रेशनच्या कुपनांवर घ्यावं लागलं होतं. देशभरच्या बायकांनी आपापली कुपनं पोस्टानं पाठवली. दुसऱ्याची कुपनं वापरणं बेकायदा म्हणून ती सगळी परत करावी लागली. हे आईला सांगितलं तेव्हा तिला प्रथमच राणीबद्दल आपुलकी वाटली. ‘तिलाबी परत द्यावं लागलं म्हन,’ ती म्हणाली.

आपल्याकडे इंदिराबाईंची साडी प्रसिद्ध आहे. नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची ती गुलाबी खादी १९४२ साली इंदिरा गांधींनी नेसली, १९६८ साली सोनियांनी, १९९७ साली प्रियांकानं. तिघींना पुरली. पुतणी म्हणाली, ‘बघ, त्यांनी कशी जपली!’ जपली खरी. पण ज्या घरात पांघरायला दुसरं काही असतं त्या घरात साडी जपली जाते. आमच्याकडे पावसाळ्यात भीमाशंकराकडून जो गारठा येतो त्यात वारसा वगैरे कुणाला आठवत नाही, आधी गोधडी आठवते.

शेवटी पुण्यात एका भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात गेलो. आई हट्टानं बरोबर आली. दुकानातल्या मुलीनं आमच्यापुढे नऊवारीचे प्रकार मांडले: पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी, शाही मस्तानी, राजलक्ष्मी. ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ साली आला, त्यानंतर काशीबाई आणि मस्तानी एकाच मांडवात सुखानं नांदू लागल्या असं दिसतं. सगळ्या साड्या शिवलेल्या. विजारीसारखे पाय घालायचे, बाजूची चेन ओढायची, पदर खांद्यावर टाकायचा, दोन मिनिटांत नवरी तयार. मला हे मनापासून आवडलं. माझ्या सुटाला अठरा बटणं होती.

‘आणि हा लावणी पॅटर्न,’ मुलगी म्हणाली.

आई पुढे सरकली. हे तिच्या ओळखीचं होतं. तिनं काष्टा चाचपला, ओचा ओढून बघितला आणि म्हणाली, ‘ह्यात लावणी व्हायची न्हाई. गुडघ्याच्या वर येतच न्हाई. चिखलात रुतंल की बाई.’

मुलगी गोंधळली. तिची लावणी नारायणगावची, ढोलकीवरची. आईची लावणी भाताची, कमरेत वाकून करायची. एका तासाच्या अंतरावर दोन्ही लावण्या आहेत, दोन्हींना नऊवारीच लागते, पण दुकानात एकच मिळते. गुडघ्यापर्यंत कासोटा खोचून, पाठीवर इरलं घेऊन चिखलात उभी असलेली बाई कुठल्याच पॅटर्नमध्ये नव्हती. पेशवाई शिवतात; मावळी कोणी शिवत नाही.

तरी साडी ठरली. पेशवाई, हिरवी, लाल काठाची. भाडं अडीच हजार, अनामत दोन हजार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत. आई अजून शिवण उलटीपालटी करून बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘ही सहावारीच हाये. कापून शिवलीय. नुसती नवासारखी दिसती.’

मुलीनं हसत कबूल केलं. सहावारीचीच नऊवारी शिवतात, शिवताना कमी कापड पुरतं. तेव्हा कुठे वहिनींचा चेहरा खुलला. त्यांचे तीन वार त्यांच्याकडेच राहिले.

लग्नाआधीचे फोटो धरणाच्या काठी निघाले. वैशाखात पाणी खूप मागे जातं, भेगाळलेली जमीन आणि बुडालेल्या झाडांची खोडं उघडी पडतात. फोटोवाल्याला ते फार ‘विंटेज’ वाटलं. त्यानं गाडीतून एक सायकल, एक कंदील आणि कर्ण्याचा फोनो काढला. आई कंदील बघून म्हणाली, ‘ह्यात रॉकेल न्हाई.’

ह्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. परदेशी कापडानं भरलेला ट्रक अडवायला तो १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत रस्त्यावर उभा राहिला आणि ट्रक अंगावरून गेला. वय बावीस. त्याच्या नावाच्या पाण्यापुढे भाड्याच्या कृत्रिम रेशमात पुतणी पदर उडवत होती, तेव्हा मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मग लेबल वाचलं. कापड सुरतेचं निघालं. म्हटलं, एवढ्यावर भागवून घ्यावं.

लग्न छान झालं. पुतणी सुंदर दिसली, हे मी काका म्हणून नव्हे, १९९२ चा सूट बघितलेला माणूस म्हणून सांगतो. आई कौतुकानं बघत होती. मध्येच म्हणाली, ‘त्या शालूला हळदीचा डाग पडला व्हता.’

‘कुठल्या?’

‘माझ्या. म्हंजे, त्येंच्या.’ डाग निघेना, तेव्हा आमच्या वडिलांनी लग्नानंतरच्या पावसाळ्यात त्या घरच्या भाताच्या लावणीला चार दिवस फुकट काम केलं होतं. नव्या नवरदेवानं, नव्या नवरीच्या माहेराकडे. हेही आम्हाला कधी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साडी परत करायला गेलो. मुलीनं उजेडात धरली, ओच्यापाशी थांबली. हळदीचा डाग होता, रुपयाएवढा. अनामतीतले पाचशे कापले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, ‘पाचशे म्हंजे लावणीचे किती दिस?’

‘एक. बाई जेवून घेत असेल तर त्याहून कमी.’

‘मग सवस्तात सुटलो,’ आई म्हणाली आणि हिरडा निवडायला बसली.