सेन्योरा आणि त्यांचा जाबता

अमेरिकेतील सरकारी हायस्कुलात स्पॅनिश शिकविणाऱ्या बाईंना त्यांच्या पितृदत्त नावाने सहसा कोणी हाक मारीत नाही. जन्म पोर्तो रिकोत झालेला असो वा ओहायोच्या मक्याच्या शेतांत, त्या केवळ ‘सेन्योरा’ असतात. भिंतीवर डॉन किहोतेची कृश मूर्ती, छताला रंगीबेरंगी कागदी पताका आणि मुद्रेवर अखंड प्रसन्नता पाहून येथे गीतनृत्याच्या संगतीत भाषा आपोआप अंगी मुरत असेल, अशी ज्यांची समजूत होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात पालक व पाल्य अशा उभयतांच्या सह्यांसाठी घरी येणारे सेन्योरांचे नियमपत्रक वाचलेले नसते.

या जाबत्याचा पेशवे दप्तरातील कारकुनासही हेवा वाटावा. नव्वदीपासून ‘ए’, ऐंशीपासून ‘बी’, साठीच्या खाली थेट ‘एफ’; तीनदा उशीर म्हणजे एक गैरहजेरी; सकारण गैरहजर राहिलेल्यास जितके दिवस बुडाले तितक्याच दिवसांची मुदत, आणि बिनसबब राहिलेल्यास शून्य, ज्यावर अपील नाही. यंत्राकडून भाषांतरून आणलेला निबंध सेन्योरा दुसऱ्याच ओळीत पकडतात, कारण ज्याला काल ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या क्रियापदांतला भेद कळत नव्हता, त्याने आज संकेतार्थी रूपे निर्दोष योजावीत, इतका भाबडा विश्वास त्यांचा दैवी चमत्कारांवरही नाही. लघुशंकेची परवानगीसुद्धा स्पॅनिशमध्येच मागावी लागते. परिणामी वर्षाखेर ज्याला दुसरे काहीही येत नाही, त्यालाही तेवढे एक वाक्य अस्खलित येते.

हजेरीचा हा हव्यास सेन्योरांचा एकटीचा नव्हे. १९०६च्या सुमारास, प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची सोय लावता लावता, कार्नेगी प्रतिष्ठानाने वर्षाकाठी १२० तासांचे अध्यापन हे शालेय विषयाचे माप ठरविले, आणि तेव्हापासून अमेरिकन विद्या बाकावर बसलेल्या तासांनी मोजली जाते. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या संस्था प्रवेशाला दोन वर्षांची परभाषा मागतात. म्हणून डॉन किहोतेचा जनक सर्व्हांतेस याच्याशी ज्यांना तिळमात्र कर्तव्य नाही, असे तरुणही सेन्योरांसमोर येऊन बसतात. परभाषा-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेची शिफारस अशी की वर्गातील निदान नव्वद टक्के व्यवहार त्याच भाषेत व्हावा. उरलेले दहा टक्के सेन्योरा गुणांविषयीच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरे देण्यात खर्च करतात.

कारण त्यांचा खरा प्रतिपक्ष आळशी विद्यार्थी नव्हेच. तो बिचारा मागच्या बाकावर झोपतो आणि कोणाचे काही बिघडवीत नाही. प्रतिपक्ष तो, जो मोबाइलवर गुणांचा तक्ता तासातासाला न्याहाळतो आणि ८९.४ वर येताच शब्दसंग्रहाच्या एका जुन्या चाचणीतल्या एका स्वरचिन्हाची कैफियत घेऊन उभा राहतो. सेन्योरा प्रथम कलम दाखवितात, मग स्मितहास्य करतात, मग पुन्हा तेच कलम दाखवितात. मात्र हिवाळ्यात सर्दीने वर्ग बेजार झाला असता नाक पुसण्याच्या कागदांचा डबा आणणाऱ्यास जादा गुण देण्याची पळवाट काही सेन्योरा स्वतःच ठेवतात. न्यायबुद्धीचे हे रूप मला फार मानवी वाटते.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांना, विशेषतः दहावीत स्वतः नव्वद टक्क्यांसाठी झुरलेल्यांना, एवढीच विनंती आहे की चिरंजीवांच्या त्या सहा दशांशांसाठी सेन्योरांना ई-मेल पाठवू नये. त्या उत्तर देतात. आणि सोबत तुमच्याच सहीची प्रत जोडतात.