वईपल्याडच्या काकी आणि आयएसओ ३२००

काकींनी वईवर गोधडी टाकली आणि ती सारखी करता करता विचारलं, "काय मास्तरीणबाई, फोटो कधी देताय?" गोधडी कोरडी ठणठणीत होती. म्हणजे वाळत घालायला नव्हे, भांडायला आल्या होत्या.

खालापुरात आमच्या दोन घरांमध्ये भिंत नाही, निरगुडीची वई आहे, कमरेएवढी. मिरच्या, विरजण, बातम्या आणि रुसवे, सगळं तिच्यावरूनच इकडचं तिकडे जातं. गेल्या रविवारी काकींच्या नातीचं बारसं झालं आणि फोटोंचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

"फोटो आलेत हो काकी, पण पांढरे आलेत."

"पोरगी आहेच गोरी."

"गोरी नाही काकी, पोरगी दिसतच नाही. पाळणाही नाही. तुमच्या शालूचा काठ तेवढा कळतो, तोही फिका."

काकी गप्प झाल्या. त्या बोलत असल्या की माणूस निर्धास्त असतो.

मग सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, त्याला दोन वर्षं झाली. वरच्या चकतीवर एक हिरवी खूण असते, तिच्यावर ठेवलं की कॅमेरा आपलं आपण सगळं ठरवतो. पहिलं वर्षभर मी हिरव्यावरच होते. सुखात होते. मग मागच्या पावसाळ्यात झेनिथ धबधब्याचा फोटो काढला, खोपोलीला जाऊन, लांबूनच. पाणी एवढं दूधपांढरं आणि फोटोत मळक्या धोतरासारखं. त्याच आठवड्यात तुमची म्हैस काढली, ती राखाडी आली.

"माझी म्हैस राखाडी?" काकींना बारशापेक्षा हे जास्त लागलं असावं.

मुलाला फोन केला तेव्हा कारण कळलं. कॅमेऱ्यात उजेड मोजणारा एक कारकून बसवलेला असतो. जग सरासरीने करड्या रंगाचं असतं, एवढं एकच त्याला पढवलेलं. समोर पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळं आलं की वाढवतो. म्हणून धबधबा मळतो आणि म्हैस उजळते. त्याला वठणीवर आणायला अधिक-उण्याचं बटण असतं, पण ते उलटं वाटतं. पांढऱ्याला अधिक द्यायचं, काळ्याला उणं.

"उलटं कसलं गो? म्हशीला उजेड कमी दिला की ती काळीच राहणार." काकींना एका वाक्यात कळलं. मला तीन रविवार लागले होते.

मग मी चकती फिरवायला लागले. एक अक्षर 'ए', भिंगातल्या भोकासाठी. एक 'एस', उजेड किती वेळ आत घ्यायचा त्यासाठी. कॅनन कंपनी त्यालाच 'टीव्ही' म्हणते.

"कॅमेऱ्यात टीव्ही कशाला?"

टाइम व्हॅल्यू, काकी. वेळ. आणि शेवटचं 'एम', तिथे कारकून नुसता हिशेब दाखवतो, सही आपली.

भोकाचे आकडे तर माझी फजिती करायलाच निघालेत. २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तसं भोक लहान, आणि दर पायरीला उजेड निम्मा. मी चार महिने १६ म्हणजे मोठं भोक समजत होते. ते अपूर्णांक असतात. एक चतुर्थांश मोठा की एक सोळांश, हे मी तीस वर्षं पोरांना छडी दाखवून शिकवलं आणि स्वतः मात्र अडले.

काकींच्या अंगणात कुरडयांचा शेवटचा घाणा बाजेवर पसरलेला होता. पाऊस आठ दिवसांवर आलाय, आमच्याकडे सगळ्यांची बेगमीची घाई चालू आहे. मी म्हटलं, ते बघा, तुम्ही रोज हेच करता. कडक ऊन असलं तर कुरडया किती वेळ ठेवता?

"दोन दिवसांत खडखडीत. ढगाळ असलं तर चार."

तेच. ऊन गुणिले वेळ. ऊन निम्मं झालं तर वेळ दुप्पट. जुने फिल्मवाले उजेड मोजायचं यंत्र न बाळगता याच हिशेबावर काढायचे. लख्ख उन्हात भोक १६ वर, १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा साधारण शंभरावा हिस्सा, २०० ची असेल तर दोनशेवा. तुमच्यासारखं नुसतं आभाळाकडे बघून.

"आणि आयएसओ म्हणजे काय? सारखं तेच बोलत होतीस बारशाला."

आयएसओ म्हणजे रेडिओचं मोठं करायचं बटण. स्टेशन दूरचं असलं की आपण आवाज चढवतो, तेव्हा खरखरही चढते. अंधारात आयएसओ चढवला की फोटोत तशीच खरखर येते, रव्यासारखी. १०० वरून ३२०० वर गेलं की तोच उजेड ३२ पट मानला जातो.

इथे मला कबुली द्यावी लागली. बारशाच्या आदल्या रात्री मी काजव्यांच्या मागे होते.

"काजव्यांच्या? त्यांच्यापायी माझ्या नातीचे फोटो गेले?"

हो, काकी. घरामागच्या वहाळापलीकडे, पाऊस लागायच्या आधीचे हे दोन-तीन आठवडेच असतात ते. सांजेला, उजेड असतानाच, समोरच्या झाडावर फोकस हाताने जमवला आणि भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी लावली, कारण अंधारात कॅमेरा आपलं आपण फोकस शोधत नुसता मागे-पुढे करत बसतो. तिवईवर ठेवला. भोक होईल तेवढं मोठं, ३.५. आयएसओ ३२००. वेळ वीस सेकंद. बटण दाबताना हात लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च बंद. लुकलुकत फिरतो तो नर असतो, मादी झुडपात बसून त्याला उत्तर देते. टॉर्च मारली की त्यांचा संवादच तुटतो. एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्याचा उजेड ढगांवर पडून आभाळ तांबूस होतं, त्याला मात्र इलाज नाही. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून मुंबईला उजेड पाठवतंय, आता मुंबईच्या रस्त्याने तो परत येतोय म्हणायचं.

मागच्या पावसाळ्यात इर्शाळगडाचंही असंच संध्याकाळचं काढणार होते, सूर्य गडामागे ठेवून, नुसती कड आणि ते कातळातलं नेढं. चौक गावाच्या बाजूला उभीही राहिले. पण १९ जुलै २०२३ ची रात्र आठवली, इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड आठवली, आणि झाकण लावून परत आले. ते काकींनाही माहीत आहे, त्यावर आम्ही जास्त बोललो नाही.

"बरं, वीस सेकंद म्हणजे मिळाले किती?"

एका फोटोत दहा-बारा. मासिकांत झाडभर सडा पडलेला दिसतो ना, तो बहुतेक वेळा खूप फोटो एकावर एक चढवून केलेला असतो. एवढा धीर मला नाही. दादासाहेब फाळक्यांना होता. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रं घेत कोंबाचा वेल होताना दाखवला. त्यावर भांडवल मिळालं आणि मग 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्याआधी ते मळवलीला रविवर्म्याच्या छापखान्यात होते, म्हणजे आपला घाट चढून लोणावळ्याच्या पुढे, एवढ्याच अंतरावर.

आणि धीराचंच म्हणाल तर, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडकमध्ये तयार झाला, तेव्हा एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे.

"म्हणजे तू अजून तिथंच आहेस," काकी म्हणाल्या.

तर सकाळी बारशाला आले ती चकती एमवरच. वीस सेकंदांचं काही चालणार नाही एवढं सुचलं, म्हणून ते सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यावर आणलं. आयएसओ तसाच ३२००. भोक तसंच. पडवीत दहाचं ऊन. आतला काटा अधिकच्या टोकाला जाऊन लुकलुकत होता, मला वाटलं बॅटरी उतरली. मागच्या पडद्यावर बघितलं असतं तर कळलं असतं, पण चष्मा घरी राहिला होता आणि उजेडात पडदा तसाही दिसत नव्हता. मुलगा म्हणाला, काळं पडलेलं थोडंफार उजळता येतं, पण इतकं पांढरं झालेलं परत येत नाही, तिथे काही नोंदलेलंच नसतं. सत्तेचाळीस फोटो. पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत देताघेतानाचे, आत्याबाई कानात नाव सांगतानाचे, त्यानंतर आत्याबाईंच्या पाठीत बसलेल्या बुक्क्यांचेसुद्धा. ते बुक्क्यांचे तरी हवे होते, असं काकींनाही वाटलं.

"काजव्यांचा दाखव," त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा वईवरून पुढे केला. त्यांनी पदराने पडद्यावर सावली धरली आणि बराच वेळ बघितलं. काळोखात हळदीचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके, एक लांबडी रेघ, खाली झाडाचा नुसता भास.

"हा आमचा ऐन ना? विहिरीकडे वाकलेला?"

"तोच."

"लग्न होऊन आले तेव्हा याच्यावर असायचे. पुढे विहिरीवर दिवा लागला, मग मी बघणं सोडलं." त्यांनी कॅमेरा परत दिला, गोधडी खांद्यावर घेतली आणि निकाल देऊन टाकला. "विहिरीवरचा दिवा आठ दिवस बंद ठेवते. तिथं तुझं एम का फेम चालू दे. माझ्या नातीवर मात्र हिरवं."

रविवारी सकाळी दहाला पाळणा पडवीत पुन्हा बांधायचा ठरला आहे. काकी तोच शालू नेसणार आहेत, आत्याबाई रोह्याहून परत येणार आहेत, आणि घुगऱ्या या वेळी माझ्याकडून आहेत.