फास्ट

नालासोपाऱ्याच्या तुळिंजमध्ये 'फास्ट' हे नुसतं विशेषण राहिलेलंच नाही. "फास्ट पकडली", "फास्ट गेली", "आज फास्टला पाय ठेवायला जागा नव्हती". 'लोकल' हे नाम बिचारं गर्दीत कधीच चेंगरलं. विशेषण मात्र दाराच्या दांड्याला लटकून शाबूत आहे.

चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. विरार फास्ट बोरिवलीपर्यंत मोजकी स्टेशनं घेते, जरा ऐटीत. मग तिला एकाएकी समतेचा पुळका येतो: मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, सगळ्यांची विचारपूस करत येते. सरासरी पडते तासाला 40-45 किलोमीटर. 2007 मध्ये बोरिवलीच्या पुढेही चार मार्ग झाले, तरी बाईंचा स्वभाव तोच.

खरं फास्ट असतं ते पब्लिक. गाडी थांबायच्या आत खिडकीची सीट भरलेली असते, रुमाल पडलेला असतो आणि पत्त्यांचा डाव मांडलेला असतो. अशात कुणी "बोरिवलीला उतरायचंय हो" म्हणालं, तर डबा त्याच्याकडे घुसखोराकडे बघावं तसं बघतो. एखाद्या दिवशी तो गृहस्थ थेट नालासोपाऱ्याचा पाहुणा होतो. त्याच्यासाठी गाडी जरा जास्तच फास्ट.

पूर्वेला उतरलं की तुळिंज रोडची शेअर रिक्षा. "बसा, बसा, लगेच निघतोय," रिक्षावाला म्हणतो आणि शेवटच्या सीटसाठी जिन्याकडे बघत उभा राहतो. पण 'लगेच' हे क्रियाविशेषण. त्याची तक्रार विशेषणांच्या खात्यात घेतली जात नाही.