गुपित कंपनीचं, डोकं कुणाचं?

नोकरी सोडून स्पर्धकाकडे गेलेल्या माणसाला वकिलाची नोटीस येते तेव्हा गुपितचोरीच्या एकाच आरोपावर तिच्यात अनेक दावे रचलेले असतात. करारभंग, विश्वासभंग, ग्राहकयादीवरचा कॉपीराइट, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३, शिवाय नव्या मालकाने फूस लावल्याचा आरोप. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, म्हणून मिळेल तो कायदा वापरायचा.

कंपन्यांना खरं तर माणूस अडवायचा असतो, आणि तेच १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ करू देत नाही. धंदा-नोकरीला बंदी घालणारी अट तेवढ्यापुरती रद्द. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरवरची मनाई कायम ठेवली खरी, पण त्याचा पाच वर्षांचा करार तेव्हा संपलेला नव्हता. करार संपल्यावर अशी अट चालत नाही, हे क्रिकेटपटू झहीर खानच्या २००६ च्या खटल्यात याच कोर्टाने ठणकावलं.

मग उरतं गुपित. ‘तुम्हाला आमचे ग्राहक माहीत आहेत, तिकडे जाऊ नका.’ हा युक्तिवाद अमेरिकन एक्स्प्रेस बँकेने दिल्ली हायकोर्टात करून पाहिला. गोपनीय माहितीचं कारण पुढे करून चांगली नोकरी शोधण्याचा हक्क रोखता येणार नाही, असं कोर्टाने २००६ मध्येच सांगितलं. तरी नोटिसा निघतात, कारण खटला लढण्याची ऐपत पगारदाराकडे नसते आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं.

चोरीला शिक्षा हवीच. विश्वासाने सांगितलेली मालिकेची कल्पना वाहिनीला परस्पर वापरता येत नाही, हे मुंबई हायकोर्टाने २००३ मध्ये झी आणि सनडायल यांच्या वादात दाखवून दिलं. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. तिथे विश्वासभंगाचा दावाच लहान निर्मात्याला वाचवतो.

विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये गुपितांच्या विधेयकाचा मसुदा दिला. त्यावर विचार करताना संसदेने अमेरिकेकडे पाहावं. तिथल्या १९७९ च्या नमुना कायद्याने गुपितचोरीवर बेतलेले इतर दिवाणी दावे बाद केले, करारावरचे तेवढे ठेवले. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने बजावलं, की माणसाला काय माहीत आहे एवढ्यावरून त्याची नवी नोकरी अडवता येणार नाही. या दोन्ही तरतुदी आपल्याकडे स्पष्ट शब्दांत हव्यात, आणि कलम २७ ला धक्का लागणार नाही हेही लिहून हवं.