चार पोरं आणि एक पातेलं

नेपरविल, शिकागोजवळ
२० जुलै

ति. आई-अप्पांस,


आम्ही यलोस्टोनहून परत आलो. सगळे शाबूत आहोत. फोनवर सांगायला गेले तर इकडून चारही पोरं एकदम बोलायला लागली. तिकडून आईचं "जेवलात का?" चालूच होतं. शेवटी अप्पा म्हणाले, "ठेव तो फोन, नीट कागदावर लिहून पाठव." म्हणून हे पत्र. दादाला शहापुरात छापून आणायला सांगा.

आईचा प्रश्न आधी उरकते, म्हणजे ती सुखानं पुढचं ऐकेल. पोरांनी बटाटा खाल्ला. मी धपाटे केले होते, दशम्या केल्या होत्या, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा गच्च भरला होता. ते सगळं तुमच्या जावईबापूंनी गाडी चालवता चालवता संपवलं. पोरांनी विस्कॉन्सिनमध्ये तळलेला बटाटा खाल्ला, मिनेसोटात तळलेला बटाटा खाल्ला, साउथ डकोटातही तोच. चार पोरं म्हणजे आमची तीन आणि वन्संचा मुलगा. त्याला सुट्टीसाठी न्यू जर्सीहून आमच्याकडे पाठवला होता. वन्सं म्हणाल्या होत्या, "त्याचा काही त्रास नसतो." आपापल्या घरी कोणाचाच नसतो.

आता रस्ता. शिकागोहून नव्वद नंबरचा हायवे धरायचा आणि पश्चिमेला जात राहायचं. एका बाजूचंच अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर. विस्कॉन्सिन संपताना मिसिसिपी ओलांडायची, साउथ डकोटात मिझुरी. त्या राज्यात ताशी ऐंशी मैलांची, म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटरची मुभा आहे, आणि रस्त्याला खड्डा म्हणून नाही. अप्पा, तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तक्रार तीच आहे. किन्हवलीवरून सरळगावला जाताना जीप जी आदळायची, त्यात आम्हा पोरांचा सगळा जीव दांडी धरण्यात जायचा. इथं धरायला काही नाही, बघायला काही नाही, मग उरतं भांडण.

त्यात इथं लेकराला मांडीवर घेऊन बसायला कायद्यानं बंदी. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे वेगळी खुर्ची, तिला पट्टे, पट्ट्यांना खटके. चौथ्याला बांधून होईपर्यंत पहिल्याला शू लागते. आपण म्हशाच्या यात्रेला काळीपिवळीतून जायचो तेव्हा मी कोणाच्या मांडीवर आहे हे उतरल्यावर कळायचं. भांडायलासुद्धा जागा लागते, ती आम्हाला नव्हती. ते बरं होतं असं म्हणत नाही मी. मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं आठवली की आता अंगावर काटा येतो. पण शांतता होती खरी.

मिनेसोटातली गोष्ट ऐका. मधल्यानं तक्रार केली की भाचा त्याच्या खिडकीतून बाहेर बघतोय. मी म्हटलं, "बघू दे की. बाहेर मकाच तर आहे."
"पण तो माझा मका आहे!"
थोरलीनं पंच म्हणून निवाडा दिला. डावीकडचा मका याचा, उजवीकडचा त्याचा, हद्द मधला रस्ता. दोघांना पटलं. गाडीत इतका गारवा पसरला की जावईबापूंनी अभंग लावला. तेवढ्यात उजवीकडं सोयाबीन सुरू झालं.

तर अप्पा, पीक म्हणजे हेच. मका, नाहीतर सोयाबीन. आपल्या अख्ख्या किन्हवलीची शेतं मावतील असा एकेक तुकडा, आणि त्यात माणूस दिसेल तर शपथ. तुम्ही तिकडं आवणीला माणसं मिळत नाहीत म्हणून कातावलेले. इथं कोणी माणसं शोधतच नाही. यंत्र येतं, जातं. मका इतका की साउथ डकोटात मिचेल नावाच्या गावी त्यांनी त्याचा महाल केलाय. इमारत साधीच आहे, पण बाहेरच्या भिंतींवर कणसं उभी चिरून खिळ्यांनी ठोकतात. पांढरी, पिवळी, तांबडी, काळपट, सगळे रंग दाण्यांचेच, आणि त्यातून भलीमोठी चित्रं. बहुतेक दरवर्षी जुनी काढून नवी लावतात. पहिला महाल १८९२ मधला, म्हणजे आपला तानसा तलाव बांधून झाला त्या सालचा. भिंतीवरचे दाणे पाखरं खुशाल खात होती आणि कोणी हुसकत नव्हतं. तुम्ही असतात तर गोफण काढली असतीत.

पाण्याचं तर ऐकाच. साउथ डकोटात वॉल नावाचं हजारापेक्षा कमी वस्तीचं गाव आहे. तिथलं औषधाचं दुकान १९३१ मध्ये एकानं घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला सुचलं की हमरस्त्यानं जाणाऱ्यांना तहान लागते, तर 'बर्फाचं थंड पाणी फुकट' अशा पाट्या लावाव्यात. लावल्या, आणि लोक वळायला लागले. आज त्या पाट्या शेकडो मैल आधीपासून दिसतात, आणि औषधाच्या दुकानाचा गल्लीबोळांसकट बाजार झालाय. वाचता येणारी तीन पोरं प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती, चौथी त्यांच्यामागून ओरडत होती. तिथं पोचून खरंच पाणी प्यायलो. मनात आलं, आपल्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, अख्खी मुंबई त्यांच्यावर अंघोळ करते, आणि चैत्र-वैशाखात डोंगराकडच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. आपण कसली पाटी लावायची?

साउथ डकोटाच्या मध्यावर घड्याळ एक तास मागं जातं. ही बातमी पोरांच्या पोटापर्यंत पोचत नाही. पहाटे पाचला चौघं उठून बटाटा मागत होती. माउंट रशमोर पाहिलं. डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरलीत, एकेक साठ फुटी, आणि त्याला १९२७ ते १९४१ एवढा काळ लागला. मूळचे लाकोटा लोक त्या डोंगरांना पवित्र मानतात, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. भाचा म्हणाला, "बाकीचं अंग कधी करणार?" मला तरी त्याहून चांगला प्रश्न सुचला नाही.

मग वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचा घाट. वाट साडेनऊ हजार फुटांच्या वर चढते. कळसूबाई ५,४०० फूट, त्यावरून हिशोब करा. आमच्यात घाट लागतो तो मधल्याला. आलेपाक दिला, लिंबू हुंगायला दिलं. "लांब डोंगराकडं बघ" म्हटलं, तर तो खाली दरीत बघत बसला. थांबायला जागा नाही, पिशव्या तळाशी. हाताला लागलं ते सासूबाईंनी लग्नात दिलेलं पातेलं, त्यांचं नाव आणि तारीख कोरलेलं. मुक्कामाच्या खोलीत भात लावायला आणलं होतं. वेळ साधली. नंतर खसाखसा घासलं, दोनदा पाणी उकळून ओतलं, पण जावईबापू त्यातला भात खायला तयार नाहीत. त्यांच्या आईचं पातेलं, मी काय बोलणार?

यलोस्टोन १८७२ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, जगातलं पहिलं म्हणतात. पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या आपल्या ठाणे जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं. जागोजागी उकळतं पाणी. अप्पा, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. नाही, अंघोळ करता येत नाही. ही गणेशपुरीची कुंडं नव्हेत, माणूस शिजून निघेल. शिजवण्यावरून आठवलं, २०२० मध्ये काही जणांनी गोणपाटात कोंबड्या बांधून झऱ्यात सोडल्या होत्या. पकडले गेले, दंड झाला. जावईबापूंना या बातमीत गुन्हेगारांबद्दल जरा जास्तच आस्था दिसली. एक मोठा फवारा साधारण दीड तासानं उडतो, पुढची अंदाजे वेळ लिहून ठेवलेली असते. चार पोरांना घेऊन थांबलो. उडाला, शंभर फुटांच्या वर गेला. शेंडेफळ माझा पदर ओढून म्हणालं, "आई, बस झालं, बंद कर."

आणि बायसन. एका वळणावर पुढच्या सगळ्या गाड्या थांबलेल्या, कारण रस्त्याच्या मधोमध कळप चाललेला. एक नर आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. काळाकभिन्न, दाढी लोंबतेय, खांद्यावर हे एवढं वशिंड, नाकपुड्यांच्या वाफेनं काच धूसर. असा नर नऊशे किलोपर्यंत भरतो. मी देवाचं नाव घेत होते. तुमचे जावई पडले मुरबाडचे. "वशिंड बघ. नांगराला एकटा पुरेल. म्हशाच्या बाजारात उभा केला तर दात बघायला कोण पुढं होतंय बघू!" तेवढ्यात शेंडेफळाला शू लागली. नियम असा की बायसनपासून निदान पंचवीस यार्ड लांब राहायचं, आणि तो दरवाज्याला टेकलेला. प्लास्टिकचं भांडं मागच्या सीटखाली होतं. थोरलीनं पोचवलं. शेंडेफळ भांड्यावर, समोर बायसन, दोघं एकमेकांकडं बघतायत. कार्य उरकलं तरी तो हलेना. मधला म्हणाला, "तो माझ्या खिडकीतून आत बघतोय."

सांगायचं ते सांगते. गाडीत सातवी जागा रिकामी होती. तिथं मी डबे ठेवले होते. डब्यांच्या जागी तुमच्यापैकी एक जण हवा होता. गोष्ट सांगायला नको, लाड करायला तर मुळीच नको, नुसतं मागं वळून "ए!" म्हणायला. आम्ही म्हटलं तर पोरं आम्हाला समजावायला लागतात. पुढच्या वर्षी या. इथल्या शाळांची सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमकी आवणी, हे मला कळतं. राब भाजून, पेरणी उरकून या, आवणी दादा बघेल. नाहीतर आईला एकटीला पाठवा, तिचा "ए" तुमच्याहून भारी आहे.

मुरबाडला पत्र वाचून दाखवाल तेव्हा तेवढा घाटाचा मजकूर गाळा. सासूबाईंनी पातेल्याची चौकशी केलीच तर सांगा, प्रवासात फार उपयोगी पडलं.

तुमची,
बाय